भोसरीतले तीन ड्रम मेलेले सेल आणि नव्या बॅटरीचा कॅथोड: मधली वाट नेमकी कशी असते?

भोसरी_वर्कशॉप (धागाकर्ता)

नमस्कार. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझे लहानसे वर्कशॉप आहे आणि गेली सहा वर्षे मी इलेक्ट्रिक स्कूटर, सायकली व इन्व्हर्टरचे लिथियम पॅक दुरुस्त करतो. पॅक उघडायचा, बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट) तपासायचे, निकेलच्या पट्ट्या सोडवायच्या, एकेक सेल मोजायचा, जे तग धरतील ते बाजूला काढायचे आणि उरलेले ड्रममध्ये टाकायचे, असा रोजचा क्रम आहे. त्या उरलेल्या सेलचे आता तीन ड्रम भरले आहेत आणि हा धागा मी त्यांच्यामुळेच काढत आहे.

गेल्या मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास मधल्या ड्रममधून आधी गोडसर, उग्र वास आला आणि पाठोपाठ पांढरा धूर. एका सेलला चिकटून राहिलेली निकेलची पट्टी शेजारच्या सेलच्या टोकाला टेकली होती. मी आणि माझ्या मदतनिसाने ड्रम दोरीने ओढून अंगणात नेला आणि त्यात वाळूची घमेली रिकामी केली. कोणाला इजा झाली नाही, पण ड्रमचा पत्रा संध्याकाळपर्यंत हात लावू देत नव्हता. तेव्हापासून मी प्रत्येक मेलेला सेल मिठाच्या पाण्याच्या पिंपात दोन-तीन दिवस बुडवून ठेवतो आणि मगच ड्रममध्ये टाकतो.

भंगारवाला हा माल किलोवर मागतो आणि आत काय आहे हे विचारत नाही. पुनर्चक्रीकरण करणाऱ्या एका कारखान्याला मात्र मी फोन केला तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता, ‘केमिस्ट्री कोणती?’ माझ्याकडे सगळे एकत्र आहे असे सांगितल्यावर त्यांनी दर निम्म्याहून खाली आणला. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. सेल फोडल्यावर निघणाऱ्या काळ्या भुकटीपासून खरोखरच नव्या बॅटरीत बसणारे साहित्य तयार होते का? होत असेल, तर माझ्या टेबलावर मी काय वेगळे करायला हवे?

पाषाण_रसायन

धागा काढल्याबद्दल आभार. असेंद्रिय रसायनात संशोधन करताना माझी काही वर्षे या काळ्या भुकटीबरोबरच गेली आहेत, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी शब्दांचा एक घोळ दूर करू. शाळेच्या पुस्तकात आपण ऍनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणतो. विद्युत अपघटनाच्या प्रयोगात ते बरोबरच आहे, पण वापरातल्या बॅटरीत कॅथोड हे धन टोक असते. म्हणून इथे मी कॅथोड आणि ऍनोड हेच शब्द वापरतो.

आपल्याकडच्या १८६५० सेलचे वजन साधारण ४५ ग्रॅम असते. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, म्हणून हे नाव. आतल्या गुंडाळीत ऍल्युमिनियमच्या फॉइलवर कॅथोडची भुकटी लावलेली असते, साधारण १५ ते २० ग्रॅम. तांब्याच्या फॉइलवर ग्राफाइट असते. दोहोंच्या मध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा असतो आणि सगळे सेंद्रिय द्रावकातल्या लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेटने भिजलेले असते. गोडसर वास त्या द्रावकाचा. हाच क्षार पाण्याशी संपर्कात आला की हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होते आणि ते त्वचेतून हाडापर्यंत जाते. म्हणून सर्वांत आधी विनंती करतो, की ते मिठाच्या पाण्याचे पिंप बंद करावे. त्याची दुसरीही कारणे आहेत, ती पुढे सांगतो.

सगळ्या लिथियम बॅटऱ्या एका जातीच्या नसतात, आणि कारखान्याने पहिलाच प्रश्न तो का विचारला हे साध्या हिशेबाने कळते. १९९१ साली सोनीने जी पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तिच्यात लिथियम कोबाल्ट ऑक्साइड होते, आणि फोनमध्ये आजही बहुधा तेच असते. त्या भुकटीच्या एका टनात सुमारे ६०० किलो कोबाल्ट आणि ७१ किलो लिथियम असते. एनएमसी म्हणजे निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांचे मिश्र ऑक्साइड. त्यातल्या १११ प्रकारात (तिन्ही धातू समप्रमाणात) कोबाल्ट सुमारे २० टक्के असते, तर निकेल वाढवलेल्या ८११ प्रकारात जेमतेम ६ टक्के. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, जे गुडइनफ यांच्या टेक्सासमधल्या गटाने १९९७ साली पुढे आणले. त्यात कोबाल्ट नाही, निकेलही नाही. एका टनात ४४ किलो लिथियम, आणि बाकी लोह, फॉस्फरस व ऑक्सिजन. आपल्या ड्रममध्ये हे तिन्ही एकत्र आहेत.

आता मधली वाट. सेल निष्क्रिय वातावरणात किंवा पाण्याखाली फोडतात, वाळवतात आणि चाळतात. पोलाद, तांबे, ऍल्युमिनियम आणि प्लॅस्टिक वेगळे झाले की खाली जी भुकटी उरते तिला धंद्यात ‘ब्लॅक मास’ म्हणतात. ती सल्फ्युरिक आम्लात, ६० ते ८० अंश तापमानाला, हायड्रोजन पेरॉक्साइड घालून विरघळवतात. पेरॉक्साइड लागते कारण ऑक्साइडमधले कोबाल्ट त्रिसंयुजी असते आणि ते आम्लाला सहज दाद देत नाही. त्याला द्विसंयुजी केले की ते झपाट्याने द्रावणात उतरते. ग्राफाइट तळाशी राहते. मग सामू हळूहळू पाचच्या आसपास नेला की लोह आणि ऍल्युमिनियम साका होऊन बसतात. हा साका चिकट, खळीसारखा असतो, गाळणीचे कापड बुजवतो आणि जाताना थोडे निकेलही सोबत नेतो.

त्यानंतरचा टप्पा मला फार आवडतो. केरोसीनमध्ये ‘सायनेक्स २७२’ हे फॉस्फिनिक आम्ल मिसळून ते निकेल-कोबाल्टच्या द्रावणाबरोबर हलवतात. सामू पाच ते सहाच्या दरम्यान नीट सांभाळला, तर कोबाल्ट वरच्या केरोसीनच्या थरात जाते आणि निकेल खाली पाण्यात राहते. पहिल्यांदा मी हे काचेच्या नरसाळ्यात केले तेव्हा दहा मिनिटांत वर गडद निळा थर आणि खाली स्वच्छ हिरवा थर उभा राहिला. त्यानंतर कितीतरी वेळा ते पाहिले आहे, तरी थर वेगळे होईपर्यंत मी नरसाळ्यासमोरून हलत नाही.

लिथियम शेवटी उरते. त्यात सोडा ऍश (सोडियम कार्बोनेट) घालून लिथियम कार्बोनेट खाली बसवतात, आणि तेही उकळत्या द्रावणात. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, लिथियम कार्बोनेटचे नेमके उलटे आहे. २० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात ते सुमारे १.३ ग्रॅम विरघळते, १०० अंशांना ०.७ ग्रॅम. धुताना कोणी गार पाणी वापरले, तर मिळवलेले लिथियम गटारात जाते.

भट्टीकर

पाषाण_रसायन यांनी आम्लाची वाट सांगितली. मी आयुष्यभर भट्टीवर काम केले आहे, म्हणून दुसरी वाट सांगतो. सेल न फोडता, १४०० ते १५०० अंशांच्या भट्टीत कोक आणि चुनखडीबरोबर वितळवले की कोबाल्ट, निकेल आणि तांबे यांचा मिश्रधातू तळाशी मिळतो. प्लॅस्टिक, द्रावक आणि ग्राफाइट जळून जातात व तेच थोडेफार इंधनही पुरवतात. मिसळलेला माल चालतो आणि सेलमधला उरलेला चार्ज आधी काढण्याची कटकट राहत नाही, हे तिचे दोन मोठे गुण. दोष असा, की लिथियम आणि ऍल्युमिनियम मळीत (धातूवर तरंगणाऱ्या स्लॅगमध्ये) जातात आणि मळीतून लिथियम काढणे खर्चाचे काम आहे. एलएफपी या भट्टीत घालण्यात काहीच अर्थ नाही. लोखंड मिळवण्यासाठी इतके महाग लोखंड कोणी वितळवत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. भट्टीतून धातू मिळतो, कॅथोड मिळत नाही. त्या मिश्रधातूला पुढे आम्लातूनच जावे लागते.

कर्वेनगर_सचिव

आमच्या सोसायटीत प्रवेशद्वारापाशी आम्ही जुन्या बॅटऱ्यांचा डबा ठेवला आहे. त्यात फोनच्या बॅटऱ्या, घड्याळाचे सेल, टॉर्चचे सेल, खेळण्यांतले सेल असे सगळे एकत्र पडते. वरची चर्चा वाचून काळजी वाटू लागली आहे. हा डबा चुकीचा आहे का? आणि कायद्याने हे नेमके कोणाचे काम आहे?

वेचक_सोबती

सचिव, डबा ठेवलात ही चांगलीच गोष्ट आहे, फक्त एकाचे दोन डबे करा, लिथियमच्या बॅटऱ्यांचा वेगळा आणि बाकीच्यांचा वेगळा, आणि लिथियमच्या प्रत्येक बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेली बॅटरी डब्यात टाकू नका. ती वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात, इमारतीबाहेर ठेवा.

मी कचरा वेचणाऱ्या बायकांबरोबर काम करते, त्यामुळे या साखळीचे अगदी पहिले टोक मला रोज दिसते. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८पासून ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या सभासद दारोदार जाऊन कचरा घेतात. घराघरांतली बॅटरी कुठल्याही कारखान्यात पोहोचण्याआधी या बायकांच्या हातातून जाते. दोन वर्षांपूर्वी एका शेडमध्ये सुक्या कचऱ्याच्या गोणीत कानात घालायच्या हेडफोनची डबी आली होती. पाय पडल्यावर ती फुसकन पेटली आणि एका मावशींच्या साडीचा काठ जळाला. शेंगदाण्याएवढा सेल होता तो. तेव्हापासून त्या शेडमध्ये वजनाला हलकी पण आतून काही हलते आहे अशी वस्तू आली, की मावशी ती कानाशी धरून पाहतात आणि वेगळ्या बादलीत ठेवतात. त्या बादलीतल्या मालाला कोणी वेगळा भाव देत नाही. धागाकर्त्यांना निम्मा दर मिळाला, या बायकांना तोही मिळत नाही, आणि छाननीचे सगळ्यांत जोखमीचे काम त्याच करतात. कारखान्याला केमिस्ट्री हवी असेल, तर ती ओळखण्याचे श्रम ज्याचे आहेत त्याला त्याचे पैसे मिळाले पाहिजेत, असे मी आग्रहाने म्हणते.

पाषाण_रसायन

वेचक_सोबती ताईंच्या शेवटच्या वाक्याशी पूर्ण सहमत आहे.

सचिव, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की केंद्र सरकारने ऑगस्ट २०२२मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आणले आणि शिसे-आम्ल बॅटऱ्यांसाठी असलेले २००१चे नियम मागे पडले. नव्या नियमांत जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणजे बॅटरी बाजारात आणणाऱ्यानेच ती परत गोळा करून पुनर्चक्रीकरणाला पाठवायची. ती जमिनीत पुरायला किंवा जाळायला बंदी आहे. लहान उपकरणांच्या आणि इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटऱ्यांतून साहित्य परत मिळवण्याचे प्रमाण २०२४-२५साठी ७० टक्के, पुढच्या वर्षी ८० आणि २०२६-२७पासून ९० टक्के ठरवले आहे. या धाग्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची तरतूद अशी, की इलेक्ट्रिक वाहनांच्या नव्या बॅटरीत २०२७-२८पासून ५ टक्के साहित्य पुनर्चक्रित असले पाहिजे आणि २०३०-३१पर्यंत ते प्रमाण २० टक्क्यांवर जाईल. ‘खरोखरच नव्या बॅटरीत बसते का’ या धागाकर्त्यांच्या प्रश्नाला कायद्याने तारीख घालून दिली आहे.

चाकण_क्वालिटी

मी इलेक्ट्रोडच्या गुणवत्ता तपासणीत काम करतो, म्हणून याच प्रश्नाचे उत्तर मी घेणाऱ्याच्या बाजूने देतो. पुनर्चक्रित साहित्य नव्या बॅटरीत बसते, पण ते पुनर्चक्रित आहे म्हणून त्याला कोणतीही सवलत मिळत नाही.

वर सांगितलेल्या प्रक्रियेतून निकेल, कोबाल्ट आणि मँगनीजची शुद्ध सल्फेटे मिळाली, तरी कॅथोड अजून लांब असतो. ती सल्फेटे हव्या त्या प्रमाणात एकत्र करून, सोडियम हायड्रॉक्साइड आणि अमोनिया थेंबाथेंबाने सोडत, सामू अकराच्या आसपास धरून, नायट्रोजनच्या आवरणाखाली तासन्‌तास ढवळावी लागतात. तेव्हा कुठे सुमारे १० मायक्रॉनचे गोल हायड्रॉक्साइडचे दाणे वाढतात. अमोनिया धातूला धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो, म्हणून दाणा सावकाश आणि घट्ट वाढतो. सामू थोडा जरी हलला, तर गोल दाण्यांऐवजी नुसता चुरा खाली बसतो आणि त्या चुऱ्याला फॉइलवर नीट दाबता येत नाही. हे दाणे मग लिथियम कार्बोनेट किंवा हायड्रॉक्साइडबरोबर ७०० ते ९०० अंशांना भाजतात. निकेल जास्त असलेल्या प्रकाराला कमी तापमान आणि शुद्ध ऑक्सिजनचा प्रवाह लागतो.

आमची धास्ती असते ती अशुद्धींची, विशेषतः तांबे आणि लोखंडाच्या सुट्या कणांची. कॅथोडमध्ये असा एखादा कण राहिला, तर चार्जिंगच्या वेळी तिथल्या उच्च विभवाला तो विरघळतो, द्रावणातून पलीकडे जातो आणि ऍनोडवर पुन्हा धातू होऊन साचतो. मधला पडदा साधारण १० ते २५ मायक्रॉन जाडीचा असतो. सुईसारखा वाढणारा तांब्याचा कण त्यातून आरपार गेला, की सेल आतूनच शॉर्ट होतो. म्हणून आम्ही भुकटीवर चुंबक फिरवतो, चुंबकाला काय लागले ते विरघळवून मोजतो आणि दशलक्षात काही भाग एवढ्यावरून अख्खा लॉट परत पाठवतो.

आता धागाकर्त्यांच्या पिंपाबद्दल. सेल शून्य व्होल्टपर्यंत उतरवून तसाच ठेवला, की तांब्याची फॉइल विरघळू लागते आणि ते तांबे आतच पडद्यावर व कॅथोडच्या थरावर जाऊन बसते. फॉइलचे तांबे चाळणीने वेगळे होते, पण भुकटीत मुरलेले तांबे चाळणीने निघत नाही. शिवाय मिठाच्या पाण्याने पोलादाचे टोक गंजते, गंज आणि क्लोराइड आत शिरते. आपण आग टाळण्यासाठी केलेला उपाय असा माझ्या तपासणी टेबलापर्यंत येऊन पोहोचतो.

भोसरी_वर्कशॉप (धागाकर्ता)

हे वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो. मला वाटत होते की मी खबरदारी घेतो आहे. पिंप कालच बंद केले. त्यातले पाणी सांडपाण्यात न ओतता प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, कॅनवर लिहून ठेवले आहे. पण मग चार्ज काढायचा कसा?

पाषाण_रसायन

रेझिस्टरवर काढावा. आपल्याकडे सेल तपासण्याचे यंत्र आहेच, त्यावर २.५ व्होल्टला थांबवा आणि टोकांना चिकटपट्टी लावा. ज्या सेलचा व्होल्टेज आधीच दोनच्या खाली गेला आहे, त्याला पुन्हा चार्ज करून पाहू नये, तो वेगळ्या डब्यात ठेवावा. जो सेल फुगला, गळला किंवा दबला आहे, त्याला यंत्रावरही लावू नये. तो थेट वाळूत ठेवावा.

चाकण_क्वालिटी यांनी दाण्यांविषयी लिहिले ते फार नेमके आहे, तरी एका ठिकाणी माझे मत वेगळे आहे. सगळे विरघळवून पुन्हा उभे करणे ही एकच वाट नाही. थकलेल्या कॅथोडचा स्फटिक पूर्ण मोडलेला नसतो. त्यातले काही लिथियम ऍनोडवरच्या थरात अडकून कायमचे हरवलेले असते आणि दाण्याच्या पृष्ठभागाची रचना बिघडलेली असते. हरवले तेवढेच लिथियम परत भरायचे आणि रचना दुरुस्त करायची, याला थेट पुनरुज्जीवन म्हणतात. एनएमसीची भुकटी लिथियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात, बंद भांड्यात, २०० अंशांच्या थोडे वर काही तास ठेवतात आणि मग ८०० अंशांच्या आसपास थोडा वेळ भाजतात. एलएफपीचे काम तर याहून सोपे आहे, कारण लिथियम निघून गेले तरी फॉस्फेटचा सांगाडा जसाच्या तसा उभा असतो. फक्त काही ठिकाणी लोहाचे अणू लिथियमच्या जागेवर जाऊन बसलेले असतात. लिथियमच्या द्रावणात सायट्रिक आम्लासारखा सौम्य क्षपणक घालून ८० अंशांच्या आसपास गरम केले, तरी लोह आपल्या जागी परत जाते, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कामात दाखवले गेले आहे. लिंबाच्या रसातले हे आम्ल. ज्या एलएफपीत धातूंच्या दृष्टीने काहीच किंमत नाही, त्याची किंमत त्याच्या रचनेत आहे आणि ती आम्लात बुडवली की संपते.

चाकण_क्वालिटी

तुमचा मुद्दा मला मान्य आहे, पण प्रयोगशाळेत एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या सेलची भुकटी असते. थेट वाटेने जे आत जाते तेच बाहेर येते. दहा वर्षांपूर्वीच्या वाहनातला १११ आत गेला तर १११च बाहेर येणार, आणि आजच्या गाडीला ८११ हवा असतो. त्यात दोन केमिस्ट्री मिसळलेल्या असल्या, तर दुरुस्त कोणाला करायचे हाच प्रश्न उभा राहतो. आम्लाच्या वाटेने निदान प्रमाण नव्याने ठरवता येते. त्या वाटेने आलेला माल दुय्यम नसतो, हेही इथे नोंदवतो. २०२१ साली अमेरिकेतल्या वूस्टर पॉलिटेक्निकच्या गटाने ‘जूल’ या नियतकालिकात दाखवले, की त्यांच्या प्रक्रियेतून आलेल्या पुनर्चक्रित १११च्या दाण्यांमध्ये पोकळी अधिक असल्यामुळे ते चार्ज-डिस्चार्जचे ताण अधिक सोसतात आणि बाजारातल्या नव्या साहित्याहून जास्त आवर्तने टिकतात.

इंद्रायणी_काठ

मी आळंदीचा रहिवासी. वारीच्या तोंडावर नदीवर तरंगणारा फेस ज्यांनी डोळ्यांनी पाहिला आहे, त्यांच्या वतीने एकच प्रश्न विचारतो. या आम्लाच्या वाटेने शेवटी पाण्यात काय उरते?

भट्टीकर

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर टाळता कामा नये. सल्फेटात सोडियम हायड्रॉक्साइड घातले की हायड्रॉक्साइडचा दाणा खाली बसतो आणि पाण्यात सोडियम सल्फेट उरते. रासायनिक समीकरणावरूनच हिशेब करा, एक टन दाण्यांमागे सुमारे दीड टन सोडियम सल्फेट येते. त्यात अमोनिया असतो, फ्लुओराइड असते. सोडियम सल्फेट विषारी नाही, पण एवढे मीठ नदीत सोडले तर नदी नदी राहत नाही. ते बाष्पीभवनाने घट्ट करून, स्फटिक पाडून, साबण किंवा काचेच्या कारखान्याला देता येते. त्यासाठी वाफ लागते, वाफेला पैसा लागतो, आणि दर पडले की काटकसर सर्वांत आधी इथे होते. लिथियम कार्बोनेटचा चीनमधला भाव नोव्हेंबर २०२२मध्ये टनाला सहा लाख युआनच्या घरात होता, वर्षभरात तो एक लाखाच्या आसपास आला. अशा पडझडीत बाष्पीभवनाचे यंत्र चालू ठेवतो तोच खरा पुनर्चक्रक, असे मी मानतो. परवानगी देताना कारखान्याची क्षमता किती टन आहे याआधी मीठ कुठे जाणार हे विचारले पाहिजे.

पाषाण_रसायन यांच्या थेट वाटेच्या बाजूने मी जो झुकतो, तो याच कारणाने. तिच्यात हे मीठ जवळजवळ नाहीच.

वेचक_सोबती

ग्राफाइटचे काय होते, हे कोणी सांगेल का? एवढी काळी भुकटी हाताला लागते, तिचा उल्लेखच होत नाही.

पाषाण_रसायन

ताई, खरे आहे, ते बराच काळ दुर्लक्षितच राहिले. भट्टीत ते जळते आणि आम्लाच्या वाटेने गाळणीवर उरते. आम्लाने धुऊन, त्यातले लिथियम, तांबे आणि फ्लुओराइड काढून, उच्च तापमानाला पुन्हा भाजले तर ते ऍनोडसाठी परत वापरता येते. डिसेंबर २०२३पासून चीनने ग्राफाइटच्या निर्यातीला परवाना लावला, तेव्हापासून त्याकडे लोक गांभीर्याने पाहू लागले आहेत.

भोसरी_वर्कशॉप (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. गेले दोन रविवार आम्ही पहिला ड्रम उपसत होतो. काय केले ते लिहितो, चुकत असेल तर सांगावे.

अंगणात पत्र्याच्या शेडखाली वाळूचा थर पसरला, हातमोजे व गॉगल घातले आणि एकेक सेल काढला. आवरणावरचा छापील क्रमांक वाचून कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून पाहिला. ३.२ व्होल्ट लिहिलेले जाडजूड ३२६५० सेल एलएफपी म्हणून एका खोक्यात, ३.६ आणि ३.७ व्होल्टचे १८६५० दुसऱ्या खोक्यात, फोनच्या चपट्या बॅटऱ्या तिसऱ्यात. मिठाच्या पाण्यातून गेलेले सगळे वेगळे, त्यांच्या टोकांवर तांबूस गंज स्पष्ट दिसतो. त्या खोक्यावर मी ‘पाण्यात बुडवलेले’ असे मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, कारण घेणाऱ्याला ते कळलेच पाहिजे. ज्यांची टोके शाबूत होती त्या प्रत्येकाला कॅप्टॉन टेपचा (वीज न वाहणाऱ्या, उष्णता सोसणाऱ्या टेपचा) तुकडा लावला. मदतनिसाला सुरुवातीला हे सगळे वेळखाऊ वाटत होते, पण दुसऱ्या रविवारी तो नुसत्या वजनावरून आणि आवरणाच्या रंगावरून खोके ओळखू लागला.

त्या कारखान्याला पुन्हा फोन केला आणि तीन खोक्यांचे तीन वेगळे दर मागितले. १८६५०ला आधीच्या एकत्र दराच्या दुपटीहून थोडा अधिक दर मिळाला. एलएफपी ते तूर्तास नेण्याच्या वाहतूक खर्चावरच घेतो म्हणाले, आणि पाण्यात बुडवलेल्यांना सर्वांत कमी दर. वेचक_सोबती ताई, आपल्या शेडमधली ती बादली माझ्याकडे आली तर मी ती याच खोक्यांत घालून, याच दराने, हिशेबासकट पैसे परत पाठवू शकतो. आपल्याला चालेल का, ते कळवावे.

एक अडचण उरली आहे. एकोणचाळीस सेलवर मूळ छापील आवरणच नाही. कोणीतरी आधी एकदा उघडून निळी प्लॅस्टिकची नळी चढवलेली आहे, आतला डबा कोरा आहे, आणि बहुतेकांचा व्होल्टेज एकच्याही खाली आहे. चार्ज करून पाहायचे नाही हे मी आता शिकलो. मग हे ओळखायचे कसे?

वेचक_सोबती

चालेल. मावशींशी बोलून बुधवारी कळवते. बादली किती दिवसांनी उचलणार तेवढे आधी ठरवू, शेडमध्ये ती फार काळ ठेवायची नाही.

पाषाण_रसायन

ते एकोणचाळीस सेल इतर कशातही मिसळू नका, कारण एलएफपीचे चार-पाच सेलही एनएमसीच्या लॉटमध्ये लोह आणि फॉस्फेट सोडतात. आधी प्रत्येकाचे वजन करून ठेवा. १८६५० आकारात एलएफपीचा सेल बहुधा ४० ग्रॅमच्या आसपास भरतो आणि एनएमसीचा ४५च्या पुढे. त्यावरून दोन ढीग पडतील, पण तो पुरावा नव्हे. प्रत्येक ढिगातले दोन सेल टोकांना टेप लावून, वाळूच्या डब्यात घालून माझ्याकडे आणा. मी ते बंद पेटीत, आर्गॉनखाली उघडतो आणि कॅथोडची भुकटी क्ष-किरण विवर्तनाला (स्फटिकाची रचना ओळखण्याच्या चाचणीला) लावतो. फॉस्फेटचा आलेख आणि ऑक्साइडचा आलेख इतके वेगळे असतात, की पहिल्या दहा मिनिटांतच कळेल. वजनांची यादी मात्र आधी इथेच टाका.